डॉक्टरांची जबाबदारी : न्यायालयांची दृष्टी



पालशेत हे रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. ६ मे १९५३ रोजी तेथील पुळणीवर झालेल्या अपघातात एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावात लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर करण्यात आला. ९ मे रोजी सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला मोटारीने पुण्यास खाजगी रुग्णालयात नेले. तेथे योग्य भूल न देता, माणसांकरवी अतिरिक्त जोर लावून हाड बसविण्यात आले व प्लॅस्टर घातले गेले. त्याच रात्री तो तरुण दगावला. दाखल्यावर मृत्यूचे कारण चरबीची गुठळी असे नोंदले गेले. न्यायालयांना मात्र वेदनांचा धक्का हेच कारण पटले.

वडिलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने रु. ३,००० भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. पंधरा वर्षे गेली. रक्कमही किरकोळच म्हणावी लागेल. परंतु त्या निकालाने घालून दिलेली कसोटी आजही प्रमाण मानली जाते. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. असामान्य कौशल्याची अपेक्षा नाही. रोगी बरा होईलच अशी हमीही कायदा मागत नाही.

फौजदारी जबाबदारीचे माप निराळे आहे. लुधियानाच्या एका रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले व रुग्ण मरण पावला. त्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरवरील खटला रद्द केला. शिक्षेसाठी घोर निष्काळजीपणा हवा आणि खाजगी फिर्यादीस तज्ज्ञ वैद्यकीय मताचा आधार हवा, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्येक मृत्यूनंतर डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर अत्यवस्थ रुग्णास हात लावण्यास कोण धजेल?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालाने ग्राहक कायद्याखाली आली. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये त्याबाहेर राहिली. तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रार पुराव्यावर उभी राहते, आणि कागद मागण्यास गावकरी संकोचतात. वास्तविक, २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाला उपचारांची कागदपत्रे मिळावयास हवीत. ही मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी.