तेल कुठे लावावे, कुठे थांबावे
(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला तेल लावतो आणि वर्षभर विसरतो. वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त अभ्यंग रोज करायला सांगितला आहे. डोके, कान, तळपाय यांवर विशेष भर. अजीर्ण असताना मात्र करू नये, हेही तिथेच सांगितले आहे.

चोळल्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, झोप लागते. मोडलेले हाड मात्र सांधत नाही. पडून सूज आली असेल तर आधी एक्स-रे काढा. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर मुळीच चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तडक डॉक्टरांना दाखवा.

एरवी कोमट तिळाचे तेल, १० मिनिटे आणि घरातल्या थकल्या पायांना आपला हात, एवढे पुरे. गणपती बाप्पा मोरया!