पुराच्या दिवसांसाठी घरातली शिदोरी



आज मी बियाण्याविषयी किंवा खताविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते एका पिशवीविषयी. ही पिशवी मृगाच्या आधी भरून खुंटीला टांगायची आणि देवाने करावे, ती वापरायची वेळच येऊ नये.

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना पूर काय असतो हे मी सांगायला नको. 2005 साल आपण पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. मग 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस आणि आसळका, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे दिवस, आपल्या भागाला जपून काढावे लागतात.

2019 साली मी एका शाळेतल्या निवारा केंद्रावर होतो. एका कुटुंबाने जिवाच्या आकांताने गव्हाचे अख्खे पोते बाहेर काढून आणले होते. पन्नास किलो धान्य जवळ, आणि लेकरे दुसऱ्या दिवशीही उपाशी. कारण गिरणी पाण्यात, चूल पाण्यात, सरपण भिजलेले. त्याच वर्गात कोपऱ्याला एक म्हातारी बसली होती. तिच्या गाठोड्यात फुटाणे, शेंगा आणि गुळाचा खडा होता. तिने पदर पसरून त्या पोरांना मूठ-मूठ वाटले. मला म्हणाली, "साहेब, पोतं घराला असतं, शिदोरी वाटेला असते." एवढी एकच गोष्ट आज लक्षात ठेवलीत तरी माझे बोलणे कारणी लागले.

कोणता पदार्थ घ्यायचा?

पदार्थ निवडताना त्याला पाच प्रश्न विचारा. चूल न पेटवता खाता येतो का? पावसाळी हवेत दोन-अडीच महिने टिकतो का? वजनाच्या मानाने पोट भरतो का? एका माणसाला उचलून नेता येतो का? आणि आपल्या घरची माणसे तो एरवी खातात का? पाचही उत्तरे 'होय' आली तरच तो पिशवीत जाईल.

आता या चाळणीतून एकेक पदार्थ काढू.

फुटाणे पहिल्या नंबरचे. कोरडे, टिकाऊ आणि अंगात ताकद देणारे. त्यांच्या जोडीला शेंगदाणे. शेंगदाण्यात तेल असल्याने थोड्या वजनात जास्त ताकद मिळते, पण त्याच तेलाने ते खवटही लवकर होतात. म्हणून शेंगा फोडून, दाणे भाजून चार महिने ठेवू नका. दाणे पिशवी भरायच्या वेळीच भाजा. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशी लागलेला दाणा एकही घेऊ नका. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

गूळ आपल्याकडचाच. पण पिशवीसाठी कडक, कोरडा गूळ निवडा आणि अर्ध्या-एक किलोच्या लहान ढेपा घ्या. पावसाळी हवेत गुळाला पाणी सुटते, म्हणून तो वेगळ्या पिशवीत घट्ट बांधा.

पातळ पोहे स्वच्छ गार पाण्यात भिजवले की खाता येतात. वर मेतकूट किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिमूट मीठ, झाले जेवण. सातूचे पीठ तर आपल्या आजी-पणजीने प्रवासासाठीच काढलेले. गहू ओलवून, सडून, वाळवून खमंग भाजायचा, त्याच्या निम्मे डाळे घालायचे आणि दळून आणायचे. पाण्यात गुळाबरोबर कालवले की दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही खाता येते.

चुरमुरे आणि भडंग पोरांना आवडते. जरूर ठेवा, पण थोडे. वजनाला हलके असले तरी पिशवीतली जागा तेच खातात. सोलापूरकडची कडक भाकरी माहीत असेल. पूर्ण वाळलेली असेल तर ती पुष्कळ दिवस टिकते. दशम्या मात्र दोन-तीन दिवसांचीच सोबत. पाणी वाढत असल्याचे कळले की त्या करून वर ठेवाव्यात, महिनाभर आधी नव्हे.

आता काय घेऊ नये? ज्वारी-बाजरीचे पीठ नको. त्याला चूल लागते, आणि बाजरीचे पीठ तर आठ-दहा दिवसांत कडवट होते. तांदूळ-डाळ घराच्या माळ्यावर ठेवा, पिशवीत नको. फार तिखट फरसाणही नको. त्याने तहान लागते, आणि पुरात चहूकडे पाणी असले तरी पिण्याचे पाणीच मिळत नाही.

किती घ्यायचे?

कागद-पेन्सिल घ्या. मदत पोचेपर्यंतचे पहिले तीन दिवस आपण आपल्या बळावर काढायचे, असा हिशोब धरू. एका मोठ्या माणसाला दिवसाला शेंगदाणे 100 ग्रॅम, फुटाणे 150 ग्रॅम, गूळ 100 ग्रॅम आणि पोहे किंवा सातूचे पीठ 150 ग्रॅम. म्हणजे माणशी रोज अर्धा किलो. यातून सुमारे 2000 उष्मांक मिळतात, तेवढ्यावर माणूस धड राहतो.

पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे होतात शेंगदाणे दीड किलो, फुटाणे सव्वादोन किलो, गूळ दीड किलो, पोहे आणि सातूचे पीठ मिळून सव्वादोन किलो. एकूण साडेसात किलो. हे ओझे दोन पिशव्यांत विभागा. एक पिशवी हातातून गेली तर दुसरी राहते. बचावाच्या बोटीत पोते घेत नाहीत, पिशवी घेतात.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कुटून द्या किंवा सातूचे पीठ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचेच दूध. म्हणून घरात बाळंतीण असेल तर तिचा वाटा सगळ्यांत आधी काढा. मधुमेह असलेल्या माणसाला गूळ कमी, फुटाणे जास्त, आणि त्याच्या गोळ्या पिशवीतच.

पिण्याचे पाणी माणशी रोज निदान तीन लिटर धरा. सगळे उचलून नेता येणार नाही. पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून तयार ठेवा आणि पाणी शुद्ध करायची औषधाची बाटली बरोबर घ्या. जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. म्हणून साखर आणि मिठाची पुडी विसरू नका.

कसे भरायचे?

इथे माझीच चूक सांगतो. माझेही घर नदीकाठचेच. 2019 नंतर मी मोठ्या हौसेने डबा भरला. पण भरला तो 2020 च्या पावसाळ्यात, झड लागलेली असताना, आणि गूळ, फुटाणे, भाजके दाणे सगळे एकाच डब्यात. नंतर वर्षभर झाकण उघडून पाहिले नाही. 2021 च्या जुलैत घर सोडून शाळेत गेलो आणि डबा उघडला, तर गुळाचा चिखल झालेला, फुटाणे मऊ पडलेले, दाण्यांवर हिरवी बुरशी. आई म्हणाली, "अरे, गावाला सांगत फिरतोस, आणि घरात ही तऱ्हा?" त्या रात्री शेजाऱ्यांनी दिलेल्या भाकरीवर आम्ही भागवले.

म्हणून सांगतो. डबा मे महिन्याच्या कडक उन्हात भरायचा. फुटाणे, पोहे उन्हात चांगले तापवून, मग सावलीत गार करून भरायचे. गरम भरले तर आत घाम सुटतो. प्रत्येक पदार्थ वेगळ्या जाड प्लॅस्टिक पिशवीत, तोंड घट्ट बांधून, आणि त्या सगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा जमिनीवर नको, माळ्यावर किंवा उंच खुंटीला. आणि एक हात जोडून सांगणे: कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला तरी खाण्यापिण्यासाठी वापरू नका. पुराच्या पाण्यात भिजलेले अन्नही टाकून द्या, वाळवून खाऊ नका.

नागपंचमीला डबा एकदा उघडून पाहा. दाणे वास घेऊन बघा, खवट वाटले तर बदला. गौरी-गणपती झाले, पाऊस ओसरला, की डबा खाली काढा आणि घरात खाऊन टाका. फुटाणे-गूळ काही वाया जात नाही. पुढच्या मे महिन्यात नवा माल भरा.

त्याच पिशवीत बॅटरी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, रेशनकार्ड, आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या नकला ठेवा.

शेवटचे सांगतो. पुष्कळ मंडळी घर सोडायला उशीर करतात. गोठ्यातली जनावरे सोडवत नाहीत, आणि बायामाणसे म्हणतात, "चार भाकरी थापते, मग निघू." त्या चार भाकरींच्या वेळात पाणी उंबऱ्याला लागते. जनावरे आणि कडब्याच्या पेंढ्या इशारा मिळताच उंचावर हलवा. आणि शिदोरी तयार असली की घरच्या लक्ष्मीला चुलीपाशी थांबावे लागत नाही. पिशवी खांद्याला लावायची, लेकराचा हात धरायचा आणि उजेडात, वाट दिसत असताना बाहेर पडायचे. तीन दिवसांचे जेवण तर त्यात आहेच. पण त्याहून मोठे म्हणजे घरातून वेळेवर निघता येते.

तेव्हा या मे महिन्यात एवढे कराच.