लेखकच प्रकाशक होतो तेव्हा

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या नवलेखक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सन १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापले गेले. पुढे ते जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा वाचकांपुढे आणले आणि आज महाराष्ट्रातील स्त्रीविचाराचा इतिहास त्या पुस्तकाला वगळून लिहिता येत नाही. मधल्या ९३ वर्षांत ते नष्ट झाले नाही, कारण त्याची प्रत कुठेतरी जपली गेली होती. लेखिकेच्या शब्दांत सामर्थ्य होतेच. परंतु प्रतच उरली नसती, तर ते सामर्थ्य आपल्याला कळले नसते.

आपल्यापैकी अनेकांच्या वह्यांत आज असेच काही साठलेले आहे. कोणी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आहेत, कोणी गावाचा इतिहास लिहिला आहे, कोणी धरणाखाली गेलेल्या वस्तीच्या आठवणी नोंदविल्या आहेत. अशा पुस्तकांना वाचक मोजका असतो, म्हणून व्यावसायिक प्रकाशक ती सहसा स्वीकारीत नाही. त्यात त्याचा दोष नाही. त्याला व्यवहार पाहावा लागतो. अशा वेळी लेखकाने पदरमोड करून पुस्तक काढणे हा कमीपणा मुळीच नव्हे. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, की पुस्तक छापणे म्हणजे ते प्रकाशित करणे नव्हे. ते वाचकाच्या हाती जाईल आणि पुढच्या पिढीसाठी जतन होईल, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने प्रकाशित झाले. जो स्वतः पुस्तक काढतो, त्याच्यावर लेखकाबरोबर प्रकाशकाचीही कर्तव्ये येऊन पडतात.

पहिले कर्तव्य संपादनाचे. आपले लेखन आपल्याला पाठ असते, म्हणून त्यातील चुका आपल्यालाच दिसत नाहीत. हस्तलिखित निदान दोन जाणकारांना वाचावयास द्यावे. त्यांपैकी एक विषयाचा आणि एक भाषेचा असावा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम तयार केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर घातली. हे १८ नियम समोर ठेवून मुद्रितशोधन करावे. बोलीतील ओव्या, म्हणी आणि संवाद मात्र बोलीतच राहू द्यावेत. नियमांच्या नावाखाली त्यांचे रूप बदलू नये.

दुसरे कर्तव्य छपाईच्या हिशेबाचे. पुस्तक फर्म्यांत छापले जाते आणि फर्मा सामान्यतः १६ पृष्ठांचा असतो. १६० पृष्ठांचे पुस्तक १० फर्म्यांत बसते. ते १६३ पृष्ठांचे झाले, तर केवळ ३ पृष्ठांसाठी कागदाचा आणि छपाईचा खर्च वाढतो. ऑफसेटवर प्रती जितक्या जास्त, तितका दर प्रतीचा खर्च कमी. म्हणून हजार प्रती काढण्याचा मोह होतो. परंतु न विकलेली प्रत स्वस्त पडली, असे कसे म्हणावे? आता मागणीप्रमाणे थोड्या प्रती डिजिटल पद्धतीने छापता येतात. निवृत्तीची पुंजी गठ्ठ्यांच्या रूपाने खाटेखाली पडून राहण्यापेक्षा आरंभी शंभर प्रती काढणे शहाणपणाचे. संगणकावरील मजकूर युनिकोडमध्ये घेऊन त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा अक्षरजुळणी करावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट कराराची. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे अनेक व्यावसायिक आज आहेत. त्यांच्याकडे जाण्यास हरकत नाही. परंतु प्रती किती, मुखपृष्ठ कोणाचे, विक्रीचा हिशेब केव्हा, हे सारे लेखी घ्यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिलेल्या साहित्यकृतीचा पहिला हक्क लेखकाचा असतो. तो मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही तो हक्क ६० वर्षे राहतो. तो दुसऱ्याला द्यावयाचा तर सहीनिशी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे मानली जाते. खर्च आपला आणि हक्कही गेला, असे होऊ नये, एवढ्यासाठी सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचावे.

आता जतनाविषयी. पुस्तकावर लेखक, प्रकाशक व मुद्रक यांची नावे, पत्ता, आवृत्तीचे वर्ष आणि किंमत स्पष्ट असावी. आयएसबीएन हा १३ अंकी ग्रंथक्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक-प्रकाशकालाही त्यासाठी अर्ज करता येतो. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवावयाची असते. पुष्कळ लेखक-प्रकाशक हे काम टाळतात. वास्तविक या चार प्रती म्हणजे आपल्या पुस्तकाचा विमाच होय. गावाला पूर आला, घराला वाळवी लागली, तरी पुस्तक वाचते. जिल्हा ग्रंथालयाला आणि ज्या गावाविषयी लिहिले, तेथील शाळेलाही प्रत आवर्जून द्यावी.

ज्यांचे हे पहिलेच पुस्तक आहे, त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही माहिती घ्यावी. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली या मंडळाचे कार्य सुरू झाले. योजनेच्या अटी व मुदत प्रत्येक वेळी मंडळाकडूनच तपासून घ्याव्यात.

महात्मा फुले यांचा उजवा हात पक्षाघाताने निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला. तो ग्रंथ १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. लिहिणारा हात थांबल्यावरही पुस्तक आपले काम करीत राहते. म्हणून प्रकाशन समारंभाला किती खुर्च्या मांडाव्यात, याची चिंता नंतर करावी. त्याआधी ज्या चार ग्रंथालयांना प्रती पाठवावयाच्या, त्यांचे पत्ते लिहून ठेवावेत. आपल्या वह्यांतील मजकूर आपल्या पश्चातही कोणाला तरी सापडावा.