परभाषेच्या वर्गात



ज्या शाळेच्या पायऱ्यांवर बसून मी शब्दरूपे पाठ केली, त्याच शाळेच्या सभागृहात आमच्या बाईंच्या स्मरणार्थ चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संस्थेची ऋणी आहे. बाईंनी आम्हांला मराठी आणि संस्कृत शिकवले. मी पुढे अमेरिकेत, टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात मुलांना स्पॅनिश शिकवले. बेळगावच्या मुलीचा आणि स्पॅनिशचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो संबंध सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पतीच्या नोकरीनिमित्त मी तेथे गेले. तिकडे सहावी ते आठवी या इयत्तांची वेगळी शाळा असते. तिला मिडल स्कूल म्हणतात. अशा एका शाळेत मला मदतनिसाचे काम मिळाले. वह्या तपासायच्या, मागे राहिलेल्या मुलांजवळ बसायचे, एवढेच काम. स्पॅनिशच्या तासालाही मला बसावे लागे. अशा रीतीने वयाच्या चौतिसाव्या वर्षी सातवीच्या वर्गात, मागच्या बाकावर बसून, बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बरोबरीने मी स्पॅनिश शिकले. रीतसर परीक्षा देऊन त्याच भाषेची शिक्षिका झाले, ते नंतर.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने फळ्यावर सर्वनामे लिहिली. 'यो' म्हणजे मी आणि 'तू' म्हणजे तू! मी दचकलेच. इंग्रजी बोलणारी मुले त्याचा उच्चार 'टू' असा करीत होती आणि शिक्षिका त्यांना जीभ दातांना लावायला सांगत होती. मला काहीच करावे लागले नाही. तो आपला शुद्ध दंत्य 'त' होता. पुढे आकडे आले. नऊला 'नुएबे' आणि नव्याला 'नुएबो'. तेव्हा मला बाईंचा तास आठवला. संस्कृतात 'नव' म्हणजे नऊ आणि 'नव' म्हणजे नवीनही. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, हे बाईंनी आम्हांला सांगितले होते. परीक्षेपुरते ते पाठही केले होते. त्याचा अर्थ मात्र कित्येक वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे कळला.

सर्वांत मोठा आनंद पुढेच होता. 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' असे होते. 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलते, 'मे गुस्तान लोस मांगोस', अगदी 'मला आंबे आवडतात' यासारखे. आवडणाऱ्याला चतुर्थी आणि क्रियापद आंब्याच्या मागे. इंग्रजी बोलणारी मुले येथे हमखास अडखळतात, कारण त्यांच्या भाषेत आवडण्याची क्रिया करणारा 'मी' असतो. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये मी काही करीत नाही. आंबाच मला आवडतो. तसेच हातून पेला फुटला तर स्पॅनिश माणूस 'से मे रोंपिओ एल बासो' म्हणतो. पेला फुटला, तो माझ्या हातून, एवढेच. 'मी पेला फोडला' असा कबुलीजबाब तो सहसा देत नाही.

मराठी सगळीकडेच उपयोगी पडली, असे मात्र नाही. आपल्या एका 'आहे' या शब्दासाठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे आहेत. माणूस उंच आहे याला एक आणि कॉफी थंड आहे याला दुसरे. येथे मी त्या मुलांइतकीच चुकत असे. परभाषा कुठे आपल्यासारखी असते आणि कुठे नसते, याचा शोध घेता घेता आपली भाषा प्रथमच बाहेरून दिसते. 'उस्तेद' या आदरार्थी सर्वनामाचे मूळ 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनात आहे आणि त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते. आपण वडिलांना 'अहो' आणि आजीला 'अगं' म्हणतो. मेक्सिकन कुटुंबांपैकी कित्येकांत मात्र नातवंडे आजीलाही 'उस्तेद' म्हणतात. आपण आजीला 'अगं' का म्हणतो, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

शब्दांचे म्हणाल तर ते आपल्याआधीच प्रवास करून बसलेले असतात. आपले पगार आणि बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांनी आणले. स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, म्हणून तिच्यातही 'पागार' म्हणजे पैसे देणे आणि 'बिसाग्रा' म्हणजे बिजागरी. आपली 'शर्करा' फारसी-अरबीतून स्पेनला पोहोचली आणि 'असूकार' झाली. 'नारंग' झाले 'नारांहा'. फलाण्याला तेही 'फुलानो'च म्हणतात, कारण अरबीने तो शब्द दोन्ही दिशांना वाटला आहे.

आता एक चूक सांगते. ती माझीच आहे. मी शिक्षिका झाल्यावर सातवीच्या वर्गात मेक्सिकन कुटुंबातली एक मुलगी होती. तिने निबंधात आजोबांच्या मालमोटारीविषयी लिहिताना 'त्रोका' हा शब्द वापरला. सीमाभागात इंग्रजीच्या सहवासाने तयार झालेला हा शब्द. पाठ्यपुस्तकात तो नव्हता. मी त्यावर तांबड्या शाईने काट मारली आणि वर पुस्तकी शब्द लिहिला. दुसऱ्या दिवसापासून ती स्पॅनिश बोलेनाशी झाली. विचारलेले सर्व तिला समजे. उत्तर मात्र इंग्रजीत येई. एक दिवस तास संपल्यावर मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "आमच्या घरची स्पॅनिश चुकीची आहे ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या भागाचा इतिहास मला ठाऊक होता. टेक्सासमधील मार्फा या गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी ब्लॅकवेल नावाची वेगळी शाळा होती. 1954 साली तेथील मुलांकडून 'मी स्पॅनिश बोलणार नाही' असे चिठ्ठ्यांवर लिहून घेतले, त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि ती पेटी ध्वजस्तंभाजवळ पुरली. भाषेची ती चक्क अंत्ययात्रा होती! 1968 साली आमच्याच सॅन अँटोनिओत नागरी हक्क आयोगाची सुनावणी झाली, तेव्हा शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल झालेल्या शिक्षा मुलांनी उघडपणे सांगितल्या. द्वैभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी झाला. त्यावर सही करणारे अध्यक्ष जॉन्सन हे तरुणपणी, 1928 साली, टेक्सासच्या कोटुला गावी मेक्सिकन मुलांचे शिक्षक होते. हे सारे वाचून मी हळहळले होते. आणि माझ्या हातातल्या तांबड्या शाईने काय केले? मी तिची भाषा तिच्याच भाषेच्या तासाला पुरली.

मग मला बाई आठवल्या. सहावीत असताना मी वर्गात उभी राहून 'बाबा बाजारला जाऊलेत' असे वाचून दाखवले होते. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबांतली मुले खदाखदा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्याच्या एका बाजूला 'जाऊलेत' आणि दुसऱ्या बाजूला 'जात आहेत' असे लिहिले आणि म्हणाल्या, "हे घरचे, हे पुस्तकातले. दोन्ही जपायचे. कोणते कुठे वापरायचे, एवढेच शिकायला तुम्ही शाळेत येता." दुसऱ्या दिवशी मीही फळ्यावर दोन रकाने आखले. 'त्रोका' घरच्या रकान्यात लिहिला. बाकीच्या मुलांना आपापल्या घरचे शब्द सांगायला सांगितले. तास संपेपर्यंत तो रकाना पुस्तकी रकान्यापेक्षा लांब झाला होता. ती मुलगी लगेच बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने एक शब्द दुरुस्त केला. तो माझा होता.

मित्रहो, आणखी एक कबुली दिल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. याच शाळेत शिकत असताना कन्नडचा तास मी जाणूनबुजून वाया घालवला. सीमाभागातल्या घराघरांत जे बोलले जाई ते माझ्याही कानांवर पडत होते. ती भाषा न शिकणे हा मला स्वाभिमान वाटे. पुढे मी दहा हजार मैलांवरची भाषा शिकले आणि शेजारच्या अंगणातली राहून गेली. आपण थोरल्या भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणतो, सुपारी अडकित्त्याने कातरतो. हे शब्द कन्नडकडून आले आहेत, हे तरी मी जाणून घ्यायला हवे होते. आपल्या भाषेवरचा अन्याय सोसू नये, हे मला मान्यच आहे. मराठीतून शिकण्याचा, मराठीत अर्ज लिहिण्याचा हक्क मागितलाच पाहिजे. पण शेजाऱ्याची भाषा शिकल्याने त्या हक्कात उणे होत नाही. भाषा लादणे आणि भाषा शिकणे या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. ब्लॅकवेलच्या मुलांना इंग्रजी शिकवली, हा अन्याय नव्हता. त्यांची स्पॅनिश पुरायला लावली, हा अन्याय होता.

2007 साली त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र जमून पुरलेली भाषा पुन्हा बाहेर काढण्याचा समारंभ केला. 2022 साली कायदा होऊन ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. हे काम प्रथम कोणा सरकारने हाती घेतले नाही. ते माजी विद्यार्थ्यांनी घेतले. या सभागृहात माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

माझी विनंती लहानशी आहे. आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर एक रकाना घरच्या शब्दांसाठी राखून ठेवावा. त्यात बेळगावी मराठी यावी, कन्नड यावी, कोकणी यावी, उर्दू यावी. बाईंचे स्मारक म्हणून मला याहून योग्य काही सुचत नाही. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेते.