विद्यापीठाची झोळी आणि पदवीधराचे ऋण

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विद्यापीठांच्या कारभारात अलीकडे एका नव्या खात्याची भर पडली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या करणे, त्यांचे मेळावे भरवणे, त्यांच्यातील ऐपतदार कोण हे हेरणे आणि त्यांच्याकडून संस्थेसाठी निधी मिळवणे, हे त्या खात्याचे काम. अमेरिकेत हा एक रीतसर पेशा आहे. येल विद्यापीठाने १८९० साली माजी विद्यार्थ्यांचा निधी सुरू केला. पुढे इतर विद्यापीठांनी तो मार्ग धरला. कोणत्या पदवीधराचे घर केवढ्याचे, त्याचे भागभांडवल किती, यापूर्वी त्याने कोणाला काय दिले, याची टिपणे ठेवणारे संशोधक तेथे पगारावर नेमलेले असतात आणि माणसे आपली सारी नोकरी या एकाच कामात घालवतात. आपल्याकडे १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ने मूल्यमापनाच्या चौकटीत माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाला जागा दिली आणि मोफसलच्या महाविद्यालयांनाही माजी विद्यार्थी संघांची निकड भासू लागली. हा पेशा खानदेशात रुजायचा असेल, तर तो कोणासाठी राबणार, हा प्रश्न वेळीच विचारला पाहिजे.

शिक्षणासाठी देणे ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. शाळामास्तर होण्यापूर्वी साने गुरुजी तेथे अभ्यासाला होते. अमळनेरच्या महाविद्यालयाला प्रताप शेठांचे नाव आहे, तर जळगावच्या महाविद्यालयाला कापसाच्या व्यापारातील मुळजी जेठा यांचे. धुळ्याची परंपरा थोडी निराळी. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्यामागे संपत्ती नव्हती, कागदपत्रांचे गाठोडे होते. ते सांभाळण्यासाठी धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ काढले.

या दातृत्वाचा गौरव अवश्य करावा. तथापि गिरणीच्या नफ्यात साच्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचाही वाटा होता. दारावरच्या पाटीवर मात्र नाव एकाचेच लागले, हेही विसरून चालणार नाही. मोठी देणगी बहुधा आपली अट बरोबर घेऊन येते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाने त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण केले. त्या रकमेने विद्यापीठ तगले, हे खरे. पण एका माणसाच्या मर्जीवर विद्यापीठाने तगावे की मरावे हे ठरावे, ही स्थिती समाजाला भूषणावह नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा घरोघरच्या मूठभर धान्याचा मुष्टिफंड उभारला. त्या मुठीला अट नव्हती. जिने मूठ दिली त्या बाईला शाळा आपली वाटत होती, हाच तिचा मोबदला.

पुढे महाराष्ट्रात ‘देणगी’ हा शब्दच नासला. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांचे पीक आले आणि प्रवेशाच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या रकमेला लोक ‘डोनेशन’ म्हणू लागले. कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा राज्याला १९८७ साली करावा लागला, यावरूनच रोग किती पसरला होता ते दिसते. मुलाच्या प्रवेशापायी ज्याने जमिनीचा तुकडा विकला, त्या बापापुढे उद्या देणगीचे पावतीपुस्तक धरले तर तो काय समजेल?

आता आजची मोठी उदाहरणे पाहावीत. २०२३ साली नंदन नीलेकणी यांनी आपल्या मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. सर्वत्र वाहवा झाली आणि अशाच देणग्यांवर इतर विद्यापीठांनी उभे राहावे, असा उपदेशही होऊ लागला. परंतु ही आयआयटी १९५८ साली उभी राहिली ती केंद्र सरकारच्या पैशाने आणि युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. सार्वजनिक तिजोरीने आधी कित्येक वर्षे पेरले. देणगी हे त्या पेरणीचे पीक आहे. पेरणी बंद करून पीक मागणाऱ्याला शेतकरी काय म्हणेल, हे खानदेशात समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय खाजगी देणगी वाटते तितकी खाजगीही नसते. अमेरिकेने १९१७ पासून अशा देणग्यांना प्राप्तिकरात सूट दिली आणि आपल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-जीनेही तीच वाट धरली. करात सूट म्हणजे सरकारी तिजोरीने सोडलेला पैसा. त्याचा विनियोग कोठे व्हावा हे मात्र दाता ठरवतो, लोकप्रतिनिधी नव्हे. याचा परिणाम उघड आहे. ज्यांचे माजी विद्यार्थी श्रीमंत त्या संस्था अधिक श्रीमंत होतात; ज्यांचे गरीब त्या मागे राहतात. अमेरिकेतील एका नामांकित नियतकालिकाने विद्यापीठांची क्रमवारी लावताना माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचे प्रमाण हा निकष वर्षानुवर्षे वापरला आणि अखेर २०२३ साली तो वगळला.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावात स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, हे त्याचे क्षेत्र. येथले कित्येक पदवीधर त्यांच्या घराण्यातले पहिले. अक्कलकुव्याचा पदवीधर आश्रमशाळेत शिक्षक होतो, चोपड्याची मुलगी आरोग्य खात्यात लागते, साक्रीचा मुलगा तलाठी होतो. पहिला पगार हाती येतो तो बापाचे कर्ज फेडायला, दुसरा धाकट्या भावाच्या फीला, तिसरा बहिणीच्या लग्नाला. हा पदवीधर शिक्षणाचे ऋण रोज फेडत असतो. फक्त त्याची पावती विद्यापीठाच्या नावाने फाडली जात नाही. धनिकांचा माग काढणाऱ्या संशोधनाच्या यादीत असा माणूस ‘अयोग्य’ ठरतो. समाजाच्या हिशोबात मात्र त्याचे देणे कोणापेक्षाही कमी नाही.

सबब, खानदेशातील या खात्याने निराळा प्रश्न हाती घेतला पाहिजे. पैसेवाला कोण, यापेक्षा आपली मुले गेली कुठे, हे आधी शोधावे. किती जणांनी शिक्षण अर्धवट सोडले व का, किती मुली पदवीनंतर नोकरीत टिकल्या, किती आदिवासी पदवीधर घरी बसले आणि किती सुरत-पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागले, याची नोंदवही ही विद्यापीठाची खरी मालमत्ता. ज्या विद्यापीठाने बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली धारण केले, त्याला नोंदीचे मोल कळले पाहिजे. आसोद्याची ही शेतकरीण निरक्षर होती. तिच्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या, म्हणून १९५१ साली ती गेल्यानंतरही पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक होऊ शकले. नोंद झाली नसती तर तेवढे धन मातीत गेले असते.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. दरम्यान, विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या पुन्नय्या समितीने १९९३ साली केंद्रीय विद्यापीठांना खर्चाचा काही हिस्सा स्वतःच उभा करण्याचा सल्ला दिला. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले म्हणजे झोळी कोणी कोणाच्या गळ्यात अडकवली ते कळते.

कार्यकर्त्यांपुढे यातून तीन कामे उभी राहतात. पहिले, माजी विद्यार्थ्यांच्या निधीचा जमाखर्च दरवर्षी छापून जाहीर व्हावा आणि त्या निधीच्या निमित्ताने सरकारी अनुदानाला एक पैशाचीही कात्री लागू नये, हा आग्रह धरणे. दुसरे, निधी गोळा करायचा तर तो मुष्टिफंडाच्या धर्तीवर, लहान रकमांनी, विनाअट आणि वसतिगृहातील मुलांच्या जेवणासारख्या गरजांसाठी करणे. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. माजी विद्यार्थ्याला कायद्याने दिलेला हा हक्क आहे आणि त्यासाठी त्याची श्रीमंती कोणी विचारत नाही. तरीही पदवी हाती पडली की नाव नोंदवायचे राहून जाते. तालुक्या-तालुक्यांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, पदवीधरांचे अर्ज भरून घेण्याची मोहीम काढली, तर जो पदवीधर देणगी देऊ शकत नाही तोही विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर प्रश्न विचारू शकेल. विद्यापीठ त्याचेही आहे, हे त्याने तेथे जाऊन सांगायचे आहे.