रात्रपाळीचा गोड चहा आणि मनाची उदासी



रात्री दोनच्या सुमारास सॉर्टिंग करताना किंवा यार्डात गाडीची वाट पाहताना अंग जड होते, मन उदास होते. मग आपण भरपूर साखरेचा चहा आणि बिस्किटे घेतो. गोड खाल्ले की बरे वाटते, असा आपला समज. तो तपासून पाहावा, म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

या समजाला शास्त्राचा थोडा आधार आहे. साखर, पाव, भात यांतील कर्बोदकांमुळे रक्तात इन्शुलिन वाढते. त्यामुळे इतर अमिनो आम्ले स्नायूंत जातात आणि ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला वाट मिळते. त्यापासून सेरोटोनिन तयार होते, ज्याचा मनःस्थितीशी संबंध आहे. परंतु जेवणात थोडी जरी प्रथिने असली, तरी हा परिणाम फारसा उरत नाही.

२०१९ साली ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कर्बोदकांनी मन प्रसन्न झाल्याचे त्यात आढळले नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढला आणि तासाभरात सतर्कता कमी झाली. इंजिनावर किंवा रुळावर असलेल्या माणसाची सतर्कता कमी होणे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको.

म्हणून भात-भाकरी सोडा, असे आमचे म्हणणे नाही. २०१५ साली अमेरिकेतील पाळी गेलेल्या सुमारे ७० हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारा आहार घेणाऱ्यांत पुढे नैराश्य अधिक दिसले. भाज्या, फळे व चोथा भरपूर असलेल्यांत कमी. २०१७ साली ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर प्रयोग झाला. बारा आठवडे आहार सुधारलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे ओसरली. नुसत्या गप्पागोष्टींचा आधार मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. प्रयोग लहान आहे, पण दिशा दाखवणारा आहे.

तेव्हा डब्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, डाळ, भाजी असावी. रात्री बिस्किटांऐवजी मूठभर चणे-शेंगदाणे असावेत.

पण साथींनो, ड्यूटी लांबली, डबा आंबला, रनिंग रूममध्ये ताजे जेवण नाही, पोस्टमनला बीट संपेपर्यंत टेकायला जागा नाही, अशा वेळी नुसता आहाराचा उपदेश करणे म्हणजे दोष कामगाराच्याच माथी मारणे होय. जेवणाची सुटी, चांगले कँटीन आणि पुरेशी विश्रांती या मागण्या मनाच्या आरोग्याच्याही मागण्या आहेत. त्या प्रत्येक शाखेने लावून धराव्यात.

आणि एक. नैराश्य हा आजार आहे, आळस नव्हे. दोन आठवडे उदासी हटली नाही, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी गप्प गप्प राहू लागला, तर त्याला चहा जरूर पाजा, पण त्याच्याजवळ बसून विचारपूसही करा.