आधी अल्लाहचा न्याय, मग आपली इताअत



आजचा विषय इताअत, म्हणजे अल्लाहच्या आज्ञेचे पालन. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या मनात पहिल्यांदा भीती येते. हुकूम आहे, मोडला तर शिक्षा आहे, म्हणून पाळायचा. अल्लाहचे भय ईमानवंताच्या मनात असायलाच हवे. पण इताअतीचा पाया केवळ भय नाही. आपण कोणाचे ऐकतो, हा खरा प्रश्न आहे. जुलमी हुकूमशहाचेही लोक ऐकतात, पण त्याची पाठ फिरली की त्याचा हुकूम मोडतात. न्यायी माणसाचे मात्र त्याच्या माघारीही ऐकावेसे वाटते, कारण त्याच्या हातून आपल्यावर अन्याय होणार नाही याची खात्री असते.

पवित्र कुरआनने अल्लाहची ओळख अशीच करून दिली आहे. सूरह निसाच्या आयत 40 चा आशय असा, की अल्लाह कणभरही कोणावर जुलूम करत नाही. सूरह आले इम्रानच्या आयत 18 मध्ये अल्लाहचे वर्णन न्यायावर कायम असणारा असे आले आहे. तिथला शब्द आहे ‘किस्त’. आणि सूरह निसाच्या आयत 135 मध्ये हाच शब्द ईमानवंतांसाठी हुकूम बनून येतो: किस्तवर ठामपणे उभे राहा, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. म्हणजे जो गुण अल्लाहने स्वतःचा म्हणून सांगितला, तोच तो आपल्याकडे मागतो. इताअत म्हणजे त्याच्या न्यायाला आपल्या आचरणाने दिलेला होकार.

आता हा होकार कुठे तपासायचा? नमाज, रोजा यांत इताअत आहेच. पण जिथे पाळताना खिशातून जाते, तिथे ती जास्त उघडी पडते. म्हणून मी आज एकच उदाहरण घेणार आहे: बहिणीचा हिस्सा.

हजरत सअद बिन रबीअ (रजि.) हे मदिनेतले अन्सारी सहाबी. मक्केहून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना भाऊ मानून त्यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली होती. हिजरी सन 3, म्हणजे इ.स. 625 मध्ये, उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली. तेव्हाच्या अरबांची रीत अशी होती, की जो शस्त्र घेऊन लढू शकतो तोच वारस. सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. परक्याला अर्धे द्यायला निघालेल्या माणसाच्या मुली रिकाम्या हाताने राहिल्या.

तिरमिजीच्या हदीससंग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे. सअद यांच्या पत्नी दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या. यांच्या काकाने सगळे घेतले, आता यांची लग्ने कशी होणार, ही त्यांची तक्रार. प्रेषितांनी (स.) सांगितले, की याचा निर्णय अल्लाह करेल. मग मीरासची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) काकांना बोलावून सांगितले: मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्या, उरेल ते तुमचे. मालमत्तेचे 24 भाग केले तर मुलींचे 16, आईचे 3 आणि काकांचे 5. कालपर्यंत 24 पैकी 24 ज्याच्याकडे होते, त्याच्याकडे 5 राहिले.

या आयती उघडून पाहा. सूरह निसाच्या आयत 11 आणि 12 मध्ये हिस्से सांगितले आहेत. लगेच पुढच्या आयत 13 मध्ये काय आहे? या अल्लाहने ठरवलेल्या मर्यादा आहेत आणि जो अल्लाहची व त्याच्या प्रेषिताची इताअत करेल त्याला जन्नतची खुशखबर आहे. आयत 14 मध्ये मर्यादा ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा आहे. अपूर्णांकांच्या हिशेबाला लागूनच ‘इताअत’ हा शब्द आला आहे. मीरास हा फक्त घरगुती व्यवहार मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता आपल्याकडे या. वडील वारतात. चाळिसावा होतो. मग वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जायचे ठरते आणि बहिणीला फोन जातो: ‘आपा, एक सही हवी आहे.’ कागद असतो हक्कसोड पत्राचा. बहीण वाचतही नाही. तिला माहीत असते, की सही दिली नाही तर माहेरचा दरवाजा बंद होईल, ईदला कोणी विचारणार नाही. मग आपण अभिमानाने सांगतो, की आमच्या बहिणीने खुशीने माफ केले.

मित्रांनो, खुशी कशाला म्हणायचे? हिस्सा किती आहे हे तिला सांगा. तो तिच्या नावावर करा, तिच्या हातात द्या. त्यानंतर कसलेही दडपण नसताना तिने परत दिला, तर ती खुशी. जे कधी हातातच आले नाही, ते सोडले कसे म्हणायचे? दुसरे कारण दिले जाते, की लग्नात तिच्यावर खर्च केला, जहेज दिले. पण मीरासचा हक्क मृत्यूनंतर निर्माण होतो. वडिलांनी हयातीत मुलीच्या लग्नात केलेला खर्च हा तिच्या हिश्शाचा हप्ता नव्हे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी त्याच्या हिश्शातून कापतो का?

काही तरुण विचारतात, बहिणीला भावाच्या निम्मे का? प्रश्न विचारायला हरकत नाही. इस्लामने बायको-मुलांच्या खर्चाची जबाबदारी पुरुषावर टाकली आहे; स्त्रीची मिळकत आणि तिचा मेहर तिचा एकटीचा आहे. पण या निम्म्यावर तासभर वाद घालणाऱ्या आपल्या घरांत तो निम्मा तरी पोहोचला आहे का?

हिशेब करून पाहू. एक माणूस वारला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. त्याचे आईवडील आधीच वारलेले. कर्ज आणि वसीयत भागवून 32 लाख रुपये उरले. पत्नीला 4 लाख, मुलाला 14 लाख, प्रत्येक मुलीला 7 लाख. इतके हे सरळ आहे. कर्ज आधी भागवायचे, आणि पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, हे विसरू नका.

शेतजमिनीचे काय, असेही विचारले जाते. 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मध्ये शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले होते, हे खरे. पण सूरह निसाची आयत 7 सांगते, की मालमत्ता थोडी असो वा जास्त, पुरुषांचा त्यात हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही. तिथे घर आणि शेत असा भेद नाही. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावायला आपल्याला कोणत्याही कायद्याने अडवलेले नाही.

आपण या देशाचे नागरिक म्हणून न्याय मागतो आणि मागत राहू. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समानतेच्याही आधी न्यायाचे नाव आहे. पण मोर्चात फलक धरणाऱ्या हातानेच बहिणीपुढे हक्कसोड पत्र सरकवले असेल, तर त्या फलकाचे वजन किती उरते? सूरह निसाची आयत 135 साक्षीची सुरुवात ‘स्वतःच्या विरुद्ध’पासून करते.

म्हणून तीन कामे सांगतो. एक, या आठवड्यात घरात विचारा, की आजोबांच्या जमिनीत फूफीचा हिस्सा होता का आणि तो दिला गेला का. दोन, जाणकार आलिमकडून हिस्से काढून कागदावर लिहून घ्या. तीन, मोठ्यांशी अदबीने बोला, पण बोला. जमीन आज वाटता येत नसेल, तर निदान देणे लागतो हे लेखी मान्य करा. मुलींनो, तुम्हीही आपला हिस्सा विचारा. तो भावाचा उपकार नाही, तो अल्लाहने नेमून दिलेला आहे.

ज्याने सअद (रजि.) यांच्या दोन अनाथ मुलींचे गाऱ्हाणे ऐकून त्यांचा हिस्सा ठरवला, त्याचा न्याय आपल्या घरांत चालू दे. हे अल्लाह, तुझा न्याय आमच्या खिशावर आला तरी तो मान्य करण्याची ताकद आम्हाला दे. आमीन.